समजुतीचं वाक्य

नळाचं निमित्त झालं. स्वयंपाकघरातला नळ आठवडाभर गळत होता, प्लंबरला फोन करायचं त्यानं कबूल केलं होतं आणि नेहमीप्रमाणे ते त्याच्या डोक्यातून साफ गेलं होतं. सकाळी ती चहा टाकायला गेली, ओल्या फरशीवरून तिचा पाय सरकला, ओट्याला धरून तिनं स्वतःला कसंबसं सावरलं. टेबलाशी टोस्टला लोणी लावत बसलेला तो मान खाली घालून वाट पाहू लागला. आता येईल. 'तुझ्या डोक्यात काही राहतं का?' येईल, मागोमाग 'मी पडले असते म्हणजे?' येईल, मग भांड्यांची आदळआपट, आणि संध्याकाळपर्यंत सगळं निवळलेलं असेल. या भांडणाची वाट इतकी पायाखालची झाली होती की तो डोळे मिटून चालू शकला असता. पण भांडं वाजलं नाही. तिनं फडक्याला हात पुसले, त्याच्याकडे वळली आणि शांतपणे म्हणाली, "तुला कामाचा ताण असतो, हे मला समजतं. पण या नळामुळे मला काळजी वाटते. आपण दोघांनी मिळून यातून काही मार्ग काढूया का?"

त्याच्या हातातली सुरी थांबली. "करतो फोन," तो म्हणाला. "आजच करतो."

"थँक्यू," ती म्हणाली. घरातल्या घरात थँक्यू! जणू त्यानं तिच्यासाठी लिफ्टचं दार धरून ठेवलं होतं.

बसमध्ये बसल्यावर ते वाक्य त्यानं मनातल्या मनात उलटसुलट करून पाहिलं. त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि हीच त्यातली खोट होती. आधी समोरच्याचा त्रास मान्य करायचा, मग आपलं म्हणणं हळूच मधे सरकवायचं आणि शेवटी 'आपण' म्हणून दोघांना एका बाकावर बसवायचं. ही सुतारकी त्याच्या ओळखीची होती. ओळखीची कसली, त्याच्याच हातची होती. घरगुती उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात त्यानं उमेदीची सगळी वर्षं काढली होती. फ्रिज गार करत नाही, वॉशिंग मशीननं कपड्यांच्या चिंध्या केल्या, गिझरमधून धूर निघाला, असं लिहून संतापलेली माणसं पत्रं पाठवायची आणि तो त्यांना उत्तरं लिहायचा. फार चांगली लिहायचा. आग ओकणारा माणूस त्याचं उत्तर वाचून उलट आभाराचं पत्र पाठवायचा, आणि फ्रिज त्याच्या घरात तसाच बंद पडलेला असायचा. ऑफिसात त्याचं नावच 'मलम' पडलं होतं. काही पेटलं की साहेब लोक म्हणायचे, "हे मलमकडे द्या रे." त्याला ते आवडायचं. त्या कामावर त्याचा जीव होता, आणि जीव होता म्हणजे ते खरं होतं, असंच तो धरून चालला होता. गिझर फुटून हात भाजलेल्या एका बाईंना उत्तर लिहिताना त्याचे डोळे भरून आले होते, हे त्याला नक्की आठवत होतं. निदान 'लिहिताना माझे डोळे भरून आले' हे वाक्य तरी आठवत होतं.

मग उत्तरं लिहिणारं यंत्र आलं. विभागप्रमुख बाई, वयानं त्याच्यापेक्षा बऱ्याच लहान, एक दिवस त्याच्या टेबलाशी आल्या, त्याची सगळी जुनी उत्तरं मागून घेतली आणि त्या यंत्राला वाचायला घातली. "सर, आता तुम्ही कधी रिटायर होणारच नाही," त्या म्हणाल्या होत्या. टाळ्या वाजल्या होत्या आणि तो खुळ्यासारखा खुलला होता. आता पडद्यावर तक्रार उमटायची, तिच्या शेजारी उत्तर तयार असायचं आणि खाली 'पाठवा' लिहिलेल्या हिरव्या चौकोनावर त्यानं बोट टेकवायचं. सुरुवातीला तो प्रत्येक उत्तर वाचायचा, एखादा शब्द बदलायचा. मग बदललेला शब्द आधीच्यापेक्षा फिका वाटायला लागला. मग बदलणं सुटलं, मग वाचणंही. एकदा हट्टानं यंत्र बाजूला सारून तो स्वतः उत्तर लिहायला बसला. खूप वेळ काही सुचलं नाही, आणि सुचलं ते वाक्य जसंच्या तसं यंत्राच्या उत्तरात आधीपासून हजर होतं. ते आधी त्याचं होतं की यंत्राचं, हे ठरवणारं कोणी नव्हतं. त्यानं हिरव्या चौकोनावर बोट टेकवलं आणि चहाला गेला.

आणि आता तेच वाक्य त्याच्या स्वयंपाकघरात, त्याच्या बायकोच्या तोंडून. मधल्या सुट्टीत त्यानं शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे विषय काढला. हा माणूस पूर्वी घरोघर जाऊन यंत्रं दुरुस्त करायचा, गुडघे गेल्यावर त्याला वर ऑफिसात बसवलं होतं. सगळे त्याला अजून फिटरच म्हणत. बायकोचं नाव न काढता त्यानं विचारलं, "ओळखता येतं का रे, माणूस स्वतः बोलतोय की यंत्राला विचारून बोलतोय ते?"

"तक्रारी बघ ना," फिटर डबा उघडत म्हणाला. "पूर्वी लोक काय लिहायचे! अर्धी तक्रार फ्रिजची, अर्धी जावयाची. आता सगळ्यांचं कसं, 'मी आपल्या निदर्शनास आणून देऊ इच्छितो.' त्यांचं यंत्र तक्रार करतं, आपलं यंत्र उत्तर देतं, आणि मधे तू आणि मी पगार घेतो."

"परवा एक आली होती मात्र," तो म्हणाला. "शिव्या होत्या चक्क. मला इतकं बरं वाटलं."

फिटर हसला. "हल्ली शिव्याही घालून देतं ते. तसं सांगावं लागतं फक्त."

शिवीवरचा त्याचा शेवटचा भरवसाही फिटरनं जेवता जेवता काढून घेतला होता. त्या दिवशी त्यानं प्लंबरला आठवणीनं फोन केला, संध्याकाळी नळ नवा बसला, तिनं पुन्हा थँक्यू म्हटलं आणि त्या रात्रीपासून तो तिच्यावर पाळत ठेवू लागला. पाळत हा शब्द त्याला मान्य झाला नसता. तो नुसता लक्ष देत होता. इतकी वर्षं दिलं नाही तेवढं लक्ष देत होता. तिचा फोन हल्ली टेबलावर पालथा असायचा. बोलण्याआधी ती क्षणभर थांबायची, जशी माणसं परक्या भाषेत बोलण्याआधी थांबतात. तिच्या बोलण्यातून 'कायम', 'नेहमीच', 'कध्धीच' हे शब्द नाहीसे झाले होते. पूर्वी तिचं निम्मं भांडण त्या शब्दांवर चालायचं. दुसरा कोणी माणूस असता तर बरं झालं असतं, असाही एक विचार त्याच्या मनात येऊन गेला आणि त्याची त्याला फारशी लाजही वाटली नाही. माणसाशी निदान भांडता येतं.

एका संध्याकाळी त्यानं मुद्दाम खडा टाकला. तिची मोठी बहीण येणार होती. "तुझी ताई आली की घराचा बाजार होतो," तो वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला. हे वाक्य पूर्वी एकदाच तोंडून गेलं होतं आणि त्यानंतर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. आता ती उठून आतल्या खोलीत गेली. दार पूर्ण लागलं नाही. तो कान देऊन बसला. रडण्याचा आवाज नाही, कपाटाचा नाही, कसलाच नाही. थोड्या वेळानं ती बाहेर आली, समोर बसली, हात मांडीवर ठेवले. "ताईबद्दल तू असं बोललास तेव्हा मला वाईट वाटलं. तुला नेमका कशाचा त्रास होतो, ते मला सांगशील का?" तिचा चेहरा स्वच्छ होता, नुकत्याच पुसलेल्या काचेसारखा. आत गेलेली बाई आणि बाहेर आलेली बाई एक नव्हती, अशी त्याची खात्री झाली. आतली आतच राहिली होती आणि हिला तिच्या वतीनं पाठवलं होतं. "कशाचा नाही," तो म्हणाला. "गंमत केली." आणि मग, सवयीनं, अगदी सहज, "तुला वाईट वाटलं याचं मला वाईट वाटतं." ते वाक्य तिच्या वाक्यावर अगदी चपखल बसलं. त्या खोलीत जणू दोन यंत्रं एकमेकांकडे तोंड करून ठेवली होती.

लेक शिकायला दुसऱ्या शहरात होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून त्यानं तिला फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "आई जरा वेगळीच वागते हल्ली. तुला काही बोलली का?"

"वेगळी म्हणजे?"

"म्हणजे... फार समजूतदार."

लेक खळखळून हसली. "बाबा, ही तक्रार आहे?" मग तिचं हसू ओसरलं. "मीच दिलंय तिला एक ॲप फोनवर टाकून. तिच्याशी गप्पा मारतं. सल्ला देतं."

"कशाला पण?"

"तिला बोलायला कोणी नव्हतं, बाबा."

"मी आहे की."

"हो," लेक म्हणाली. "तुम्ही आहात." त्या 'आहात'मध्ये त्यानं खूप वेळ काहीतरी शोधलं. म्हणजे संशय खरा होता. खरा ठरलेला संशय हलका व्हायला हवा, पण हा वाढतच गेला. किती दिवसांपासून? मागच्या वाढदिवसाला तिनं दिलेलं कार्ड? उन्हाळ्यात तो आजारी असताना उशाशी बसून ती जे बोलली होती, ज्यानं त्याला इतका धीर आला होता, ते? मागे मागे जात तो त्यांच्या संसाराची एकेक खोली तपासू लागला, आणि प्रत्येक खोलीतल्या वस्तू जागच्या जागी असूनही कोणीतरी हलवून पुन्हा ठेवल्यासारख्या दिसू लागल्या.

ती एका चष्म्याच्या दुकानात काम करायची. त्या दिवशी तो ऑफिसातून लवकर निघाला आणि दुकानासमोरच्या फुटपाथवर, एका बंद शटरच्या आडोशाला उभा राहिला. काचेतून ती दिसत होती. तिच्यापुढे एक म्हातारा बसला होता. तिनं त्याचा चष्मा काढून घेतला, त्याची काडी छोट्या हीटरवर धरून गरम केली, अंगठ्यानं जराशी वाकवली, पुन्हा त्याच्या कानावर चढवली आणि मागं सरून एक डोळा बारीक करून पाहिलं. म्हाताऱ्यानं काहीतरी कुरकुर केली असावी. तिनं त्याला काहीतरी सुनावलं. ओठांवरून कळत नव्हतं, पण सुनावलंच, कारण तिची हनुवटी वर गेली होती आणि भुवई ताणली होती. म्हातारा तोंड उघडून हसला. तीही हसली आणि त्याच्या डोळ्यांवरून चष्मा पुन्हा ओढून घेतला. तिचा फोन कुठंच दिसत नव्हता. एका परक्या म्हाताऱ्याला तिचा राग मिळत होता, ताजा, हातचा, कोणालाही न विचारता. शटरच्या थंड पत्र्याला टेकून तो मत्सरानं तसाच उभा राहिला, आणि मत्सर कोणाचा करावा हेच त्याला धड कळेना.

घरी ती आली तेव्हा तो दिवाणखान्यात दिवा न लावता बसला होता. तिनं दिवा लावला, पिशवी ठेवली. "तब्येत बरी नाही का?"

"तू हे सगळं विचारून बोलतेस ना?" तो म्हणाला. "त्या फोनला."

ती दचकेल, नाकारेल असं त्याला वाटलं होतं. ती चपला काढता काढता थांबली एवढंच. "हो," ती म्हणाली.

"माझ्याशी बोलायला तुला विचारावं लागतं?"

"तुझ्याशीच बोलताना विचारावं लागतं. बाकी कोणाशी नाही." एक चप्पल तिच्या हातातच राहिली होती. आणि मग तिचा आवाज चढला, कितीतरी दिवसांनी चढला, शब्द एकमेकांच्या अंगावर पडू लागले. "तुझ्याशी बोलणं म्हणजे खिडकीवर अर्ज देणं आहे, कळतंय का तुला? मी काही सांगितलं की तू ते असं छान घडी घालून मला परत देतोस. मी ओरडले की तुला माझं म्हणणं समजतं. रडले की समजतं. मेले तरी समजेल! इतकी वर्षं एकदा तरी भांडलायस माझ्याशी? एकदा तरी म्हणालास, गप गं, तू चूक आहेस? माझ्याकडे बोलायला काही उरतच नाही, तू सगळं पुसून घेतोस. म्हणून विचारलं त्याला. म्हटलं, अशा माणसाशी कसं बोलतात ते त्याला माहीत असेल. तसलाच आहे ना तो!"

तो ऐकत होता. हेच हवं होतं त्याला. हा चिरका, वेडावाकडा, श्वास पुरत नसलेला आवाज. यात 'कायम' नव्हता पण त्याहून जड काहीतरी होतं. आणि तरीही त्याच्या आत कुठंतरी एक माणूस हातात पेन्सिल घेऊन बसला होता. खिडकीवर अर्ज, तो माणूस म्हणाला, चांगली उपमा आहे. घडी घालून परत देतोस, हेही चांगलं. जरा जास्तच चांगलं. 'हल्ली शिव्याही घालून देतं ते' म्हणणारा फिटर त्याच्या डोळ्यांसमोर आला, आणि जे विचारायचं नव्हतं तेच त्यानं विचारलं.

"हेही त्यालाच विचारून आलीस का?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. हातातली चप्पल वाकून दुसरीशेजारी नीट लावली. "नाही," ती म्हणाली, "हे माझं होतं," आणि आत गेली.

त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं उरलं. ती सल्ला घेत नव्हती, हे त्याला दिसत होतं, कारण आता ती बोलतच नव्हती. ताई आली आणि गेली. तिच्यासमोर दोघांनी नवराबायकोचं काम व्यवस्थित केलं. ऑफिसात तो उत्तरं पाठवत राहिला, पण हिरव्या चौकोनावर बोट टेकवण्याआधी आता वाचू लागला. प्रत्येक उत्तर कोणाचं तरी तोंड बंद करत होतं. प्रेमानं, हळुवार, डोक्यावरून हात फिरवत. आणि ही कला त्या यंत्रानं कोणाकडून उचलली हे ऑफिसभर ठाऊक होतं.

तो विभागप्रमुख बाईंकडे गेला आणि तळमजल्यावरच्या काउंटरवर बदली मागितली, जिथं लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात.

"काउंटरवर?" बाई खुर्चीत पुढं झुकल्या. "सर, तिथं लोक अंगावर येतात. आणि तुम्ही इतके सीनियर. तुम्हाला थकवा जाणवत असेल तर आम्ही समजू शकतो. आपण त्यावर काही—"

त्यानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. त्या पडद्याकडे बघत नव्हत्या. स्वतःच बोलत होत्या. त्या वाक्याचा आता कोणी मालक राहिला नव्हता, ते हवेत होतं, सर्दीसारखं. "थकवा नाही," तो म्हणाला. "खाली माणूस कमी आहे, एवढंच."

काउंटरवर पहिल्याच दिवशी एक बाई मिक्सर घेऊन आल्या आणि तो त्याच्यापुढं आदळला. तीनदा दुरुस्त होऊन पुन्हा बंद पडला होता. "आपल्याला झालेला मनस्ताप," त्यानं सुरू केलं.

"गोड बोलू नका हो," बाई म्हणाल्या. "गोड बोलूनच मागच्या वेळी परत पाठवलं मला. हा चालू करून द्या, नाहीतर मी इथून हलत नाही." मग त्या त्याला, कंपनीला, आणि ज्यानं हा मिक्सर घ्यायला लावला त्या आपल्या दिराला घालूनपाडून बोलल्या. त्यानं मिक्सर उचलला, मागच्या खोलीत मेकॅनिककडे नेला आणि तो उघडून दुरुस्त होईपर्यंत तिथंच उभा राहिला. परत आणून चालवून दाखवला. बाईंनी आभार मानले नाहीत. मिक्सर काखेत मारून निघून गेल्या. संध्याकाळी त्याचे पाय दुखत होते आणि त्याला वाटलं, आज निदान एक तरी गोष्ट फिरली. लगेच त्याला या वाटण्याचाही संशय आला. किती पटकन आपण स्वतःची समजूत घालतो.

बदलीचं त्यानं घरी सांगितलं नाही, फक्त लेकीला फोनवर सांगितलं. तिला लेकीकडून कळलं असावं. रविवारी दुपारी तो खिडकीशी बसला होता, ती सफरचंद कापत होती. एक फोड त्याच्यापुढं सरकवत, त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "आई गेली तेव्हा तू आला नव्हतास."

या गोष्टीला इतकी वर्षं झाली होती की आधी त्याला कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय. "ऑफिसात तेव्हा ते गिझर परत मागवायचं—"

"माहीत आहे. तू लिहून पाठवलं होतंस. किती सुंदर लिहिलं होतंस! ताईनं ते सगळ्यांना वाचून दाखवलं. मामा रडले. सगळे म्हणाले, भाग्यवान आहेस, असा नवरा मिळायला नशीब लागतं. मी आईपाशी बसले होते आणि माणसं येऊन येऊन मला तुझं कौतुक सांगत होती." तिनं सुरी खाली ठेवली. "मला तू हवा होतास. काही न सुचलेला. दारात नुसता उभा."

ते पत्र त्याला आठवलं. ऑफिसात बसून लिहिलं होतं. एका वाक्यातला 'पोकळी' हा शब्द खोडून त्याजागी दुसरा घातला होता आणि तो घातल्यावर त्याला समाधान वाटलं होतं, हेही आठवलं. तेव्हा कुठलं यंत्र नव्हतं. अक्षर न् अक्षर त्यानंच लिहिलं होतं, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या पेननं.

"बोल ना काहीतरी," ती म्हणाली.

"सुचत नाही."

"सुचत नाही, की सुचू देत नाहीस?"

त्यानं प्रामाणिकपणे आत पाहिलं. आत अंधार होता, आणि त्यात कोणी पेन्सिल घेऊन बसलंय की नाही ते दिसत नव्हतं. "माहीत नाही," तो म्हणाला.

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, दुकानात गिऱ्हाइकाकडे बघते तशी, मागं सरून, एक डोळा बारीक करून. मग म्हणाली, "बरं. मग बस."

तो बसला. ती आईबद्दल बोलू लागली, शेवटच्या दिवसांबद्दल, आईनं पाणी मागितलं आणि हिला पेला सापडेना त्याबद्दल. बोलता बोलता वाक्यं अर्ध्यावर सोडून देत होती, पुन्हा मागून सुरू करत होती. त्यानं हूं की चूं केलं नाही. आणि मधेच, तिचा आवाज घोगरा झाला असताना, त्याच्या मनात आलं की गप्प बसणं हेही एक उत्तरच असेल. सगळ्यात चांगलं. कदाचित आपल्याला तेच सुचलं असेल. त्यानं दचकून तिच्याकडे पाहिलं. तिच्या लक्षात आलं नव्हतं. पेला कपाटामागं सापडला होता, ती सांगत होती, पण उशिरा.